आश्रय आणि घर

शाळेच्या वाटेवर एखादें कुत्र्याचें पिल्लूं कुडकुडत बसलेलें दिसलें कीं मुलें थांबतात. डब्यांतील पोळीचा तुकडा त्यास मिळतो, एखादा धीट मुलगा त्यास उचलून छातीशीं धरतो, आणि मग सर्वांच्या डोळ्यांत एकच प्रश्न उभा राहतो: आतां ह्याचें काय करावयाचें? प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. तुकडा देण्यास एक क्षण लागतो, आश्रय देण्यास एक कोपरा लागतो, आणि घर देण्यास बारा-पंधरा वर्षें लागतात. कारण कुत्र्याचें आयुष्य साधारणतः तेवढें असतें. दया, आश्रय व घर ह्या तीन गोष्टींतील हा भेद ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ चांगल्या मनाच्या माणसांकडूनहि मुक्या प्राण्याची फसवणूक होते. म्हणून रस्त्यावरून उचलून आणलेल्या, स्वभावानें गरीब अशा कोंवळ्या कुत्र्यास कायमचें घर कसें पाहून द्यावें, ह्याचा विचार विद्यार्थी व त्यांचे पालक ह्या दोघांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्य आणि कुत्रा यांचें सख्य फार जुनें आहे. शेती सुरू होण्यापूर्वींच, निदान चौदा हजार वर्षांमागें, तो माणसाच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. गाय, बैल व घोडा हे त्याच्या मागून आले. महाभारताच्या अखेरीस धर्मराज आपल्यामागें चालत आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपल्याकडे लहान मुलासहि ठाऊक आहे. श्रीमंताच्या दारापाशीं पडलेल्या लाजराचे फोड चाटावयास कुत्रेच आले, हें शुभवर्तमानाच्या वाचकांस सांगावयास नको. इतकें असूनहि आपल्या भाषेंत ‘कुत्र्याचें जिणें’ ही शिवीच आहे. बैलांसाठीं आपल्या वऱ्हाडांत पोळा असतो. त्यांच्या शिंगांस रंग व पाठीवर झूल चढते. रात्रभर अंगण राखणाऱ्या कुत्र्याच्या वाट्यास मात्र वर्षांतला एकहि दिवस आलेला नाहीं.

मुंबई शहरांत ह्या प्रश्नावरून एकदां मोठा दंगा झाला होता. कंपनी सरकारच्या काळीं उन्हाळ्यांत मोकाट कुत्रे मारण्याची चाल होती, व मारणारास दर कुत्र्यामागें पैसे मिळत. १८३२ सालच्या जून महिन्यांत ह्या प्रकाराविरुद्ध पारशी लोक खवळून उठले. इतर लोकहि त्यांस मिळाले, दुकानें बंद झालीं व शहराचा व्यवहार थांबला. पुढें १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांनीं भुलेश्वर येथें पांजरपोळ स्थापिली. निराश्रित जनावरांस मारण्याऐवजीं सांभाळावें, हा विचार अशा रीतीनें त्या शहरांत दगडविटांच्या रूपानें उभा राहिला. इकडे लंडन येथें १८६० सालीं मेरी टील्बी नांवाच्या बाईनें हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं एक गृह काढलें. तें १८७१ सालीं बॅटरसी भागांत गेलें, आणि त्या नांवानें अद्यापि प्रसिद्ध आहे. त्याच्या मूळ नांवांतच ‘तात्पुरतें’ हा शब्द होता. तो शब्द फार प्रामाणिक होता असें आम्हांस वाटतें. आश्रयस्थान प्राण वांचवितें, अन्न देतें, औषध देतें. परंतु पन्नास कुत्र्यांमागें जेथें एकच रखवालदार असतो, तेथें कोणतेंहि कुत्रें कोणाचेंहि नसतें. आणि कुत्र्याचा तर स्वभावच असा कीं, त्यास अन्नाइतकीच आपल्या माणसाची गरज असते. म्हणून आश्रय ही वाटेवरली धर्मशाळा समजावी. मुक्कामाचें ठिकाण म्हणजे घर होय.

आपल्या देशांतील कायद्याचीहि ओळख येथें करून देणें अवश्य आहे. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें पाळलेलें जनावर उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा गुन्हा ठरविला आहे. २०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचें सामान्य धोरण असें कीं, रस्त्यावरील कुत्र्यांची नसबंदी करावी, त्यांस रेबीजची लस टोंचावी व जेथून धरलें तेथेंच परत सोडावें. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं दिलेल्या आदेशांत दत्तकाचीहि वाट मोकळी ठेवली. ज्यास रस्त्यावरचें कुत्रें पाळावयाचें असेल त्यानें नगरसंस्थेकडे अर्ज करावा, आणि तें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं ही जबाबदारी त्यानें पत्करावी, असें त्यांत सांगितलें आहे. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें, रेल्वे स्थानकें अशा ठिकाणांहून मोकाट कुत्रे हलवून आश्रयस्थानांत ठेवावेत व त्याच जागीं परत सोडूं नयेत, असा आदेश दिला. लहान मुलांस होणारे दंश पाहतां ह्या आदेशामागील काळजी कोणाहि पालकास समजेल.

हा आदेश निघाला तेव्हां आमच्या शाळेच्या आवारांतहि एक कुत्री होती. २०२५ च्या जुलैंत, भर पावसांत, रस्त्याकडेच्या नालींत ती वसतिगृहाच्या मुलांस सांपडली. तिचा मागचा एक पाय वाहनाच्या धक्क्यानें मोडला होता. तोंडांत दुधाचेच दांत होते, त्यावरून ती दोन महिन्यांची असावी असें पशुवैद्यांनीं सांगितलें. पक्के दांत चवथ्या महिन्याच्या सुमारास येऊं लागतात. पाय बांधला गेला, हाड जुळलें, पण चाल किंचित् लंगडी राहिली ती राहिलीच. मुलांनीं तिचें नांव सोनी ठेविलें. प्रार्थनेच्या घंटेबरोबर व्हरांड्यांत येऊन ती पायांवर डोकें ठेवून बसे. आजवर तिनें कोणाच्या अंगावर गुरगुर केली नव्हती. नोव्हेंबरांत मुलांनीं आम्हांस विचारलें, “सोनी इतकी गरीब आहे, तिला येथेंच कां राहूं देत नाहीं?” त्यांस आम्हीं असें समजाविलें कीं, आदेशाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेविली तरी शाळा हें कुत्र्याचें घर होऊं शकत नाहीं. दिवाळीच्या सुट्टींत वसतिगृह ओस पडतें, तर उन्हाळ्यांत दोन महिने कुलूप असतें. जो मुलगा आज तिला भरवितो तो दोन वर्षांनीं कॉलेजास जाईल. दोनशें मुलांची ती लाडकी होती, पण त्यांपैकीं एकाचीहि नव्हती. तिला घर पाहणें हेंच त्या लाडाचें पुढचें पाऊल होतें.

असें घर पाहतांना प्रथम कुत्र्याचा स्वभाव ओळखावा लागतो. आपण ज्यास ‘गरीब कुत्रें’ म्हणतों तें नेहमींच गरीब असतें असें नाहीं. पुष्कळदां तें केवळ भेदरलेलें असतें. शेपूट पायांत घालणें, कान मागें पाडणें, माणसासमोर न खाणें, अन्न नसतांना वारंवार ओंठ चाटणें, झोंप नसतां जांभया देणें, नजर चुकवून कोपऱ्यांत दडणें, हीं सौम्यपणाचीं नव्हे तर भीतीचीं लक्षणें होत. भेदरलेलें कुत्रें कोंडींत सांपडलें कीं चावतें, आणि मग “इतकें गरीब होतें, एकाएकीं काय झालें?” असें लोक म्हणतात. खरें सौम्य कुत्रें अंग सैल सोडून आपण होऊन जवळ येतें. खात असतां कोणी जवळून गेलें तरी ताठरत नाहीं. भांडें पडल्याचा आवाज झाला तर दचकतें, पण क्षणांत सांवरून पुन्हां आपल्या कामास लागतें. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या-चवथ्या महिन्यापर्यंतचा काळ ह्या दृष्टीनें फार मोलाचा असतो. त्या काळांत ज्या माणसांची, मुलांची व आवाजांची ओळख होते त्यांची भीति त्यास बहुधा पुढें वाटत नाहीं. भेदरलेल्या कुत्र्यासहि घर मिळावें. मात्र तें शांत, लहान मुलें नसलेलें व धीर धरणारें असावें, आणि त्याची भीति लपवून तें कोणास देऊं नये.

दुसरी तयारी वैद्यकीय होय. रेबीज हा रोग एकदां प्रकट झाला म्हणजे मरण जवळजवळ अटळ असतें. पण लशीनें तो टाळतां येतो. पिल्लूं तीन महिन्यांचें झालें कीं त्यास पहिली लस द्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती वेळोवेळीं द्यावी. पार्व्हो व डिस्टेंपर ह्या रोगांनीं पुष्कळ पिलें दगावतात. त्यांची लस त्याहूनहि लवकर, सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास, सुरू करावी लागते. जंतांचें औषध व गोचिड्यांचा बंदोबस्त हींहि विसरूं नयेत. ह्या सर्वांची नोंद असलेलें कार्ड कुत्र्याबरोबरच नव्या घरीं जावें.

येथें दोन लोकभ्रमांविषयीं लिहिलें पाहिजे. घर पाहूं लागल्यावर पहिला प्रश्न येतो, “नर आहे कीं मादी?” मादी म्हटली कीं दारें बंद होतात, कारण वर्षांतून दोनदां पिलांचा लोंढा कोणास नको असतो. ही अडचण खोटी नाहीं, परंतु तिचा उपाय सोपा आहे. सुमारें सहा महिन्यांच्या वयांत नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली कीं तो प्रश्नच उरत नाहीं. सोनीची ती नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. दुसरा प्रश्न असा, “जात कोणती?” माणसाची जात विचारण्याची आमची खोड कुत्र्यापर्यंत पोंचावी ह्याचें आम्हांस हंसूं येतें आणि थोडें वाईटहि वाटतें. थंड देशांतून आलेल्या दाट केंसांच्या कुत्र्यास आमच्या यवतमाळचा वैशाख म्हणजे शिक्षाच होय. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं; तें मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगांतील उष्णता घालवितें. आंखूड केंसांचें, सडपातळ अंगाचें आपलें गांवठी कुत्रें ह्या हवेंत शेंकडों पिढ्या वाढलेलें आहे. तें काटक, थोड्यावर समाधानी व अत्यंत हुशार असतें. त्याला कुळाचा दाखला नाहीं, इतकेंच.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे घराची निवड. सोनीसाठीं तीन ठिकाणांहून मागणी आली, आणि तिन्ही माणसें भलीं होतीं, हें आधींच सांगितलें पाहिजे.

पहिले गृहस्थ दहा कोसांवरील एका खेड्यांतील शेतकरी होते. रोही व रानडुकरें कपाशीची आणि तुरीची नासाडी करीत, म्हणून जागलीस सोबत कुत्रें हवें होतें. शेतावरचें जिणें कुत्र्यास वाईट असतें असें मुळींच नाहीं. धडधाकट कुत्र्यास तें आवडतेंहि. पण सुळे असलेल्या डुकरापुढें लंगडी, मवाळ कुत्री उभी करणें म्हणजे तिला मरणाच्या तोंडीं देणें होय. शिवाय जंगलालगतच्या शेतांत बिबट्याचेंहि भय असतें. शेतकरीदादांनीं तिचा पाय पाहिला आणि तेच म्हणाले, “नाहीं गुरुजी, हिचें तें काम नाहीं.”

दुसरें मागणें आमच्याच पांचवीच्या एका विद्यार्थ्याचें होतें. त्याच्या हट्टापुढें वडिलांनीं होकार दिला. आम्ही घरीं जाऊन भेटलों तेव्हां त्याच्या आईस कोणींच कांहीं विचारलें नव्हतें असें कळलें. आणि कुत्र्याची भाकरी भाजणें, त्याची घाण काढणें व दुपारीं त्याच्याजवळ असणें हें सारें त्या बाईंच्याच वांट्यास येणार होतें. घर भाड्याचें असून मालकांचा रुकारहि घेतलेला नव्हता. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यास आम्हीं सांगितलें, “बाळ, तुझें प्रेम खरें आहे. पण जें घर सर्वांनीं मिळून दिलेलें नसतें, तें पहिल्या अडचणींतच मोडतें.” मालकांनीं पुढें नकारच दिला. त्या मुलानें मग प्रत्येक शनिवारीं सोनीस न्हाऊं घालण्याचें काम आपण होऊन पत्करलें, आणि तें शेवटपर्यंत केलें.

तिसऱ्या होत्या सरकारी दवाखान्यांतून निवृत्त झालेल्या एक परिचारिका बाई. त्यांच्या घरीं त्यांचे वृद्ध बंधु होते. घर स्वतःचें, भोंवतीं कुंपण, अंगणांत कडुनिंबाची दाट सावली. पूर्वीं त्यांच्याकडे एक कुत्रा तेरा वर्षें राहून म्हातारपणानें गेला होता. त्या दोनदां शाळेंत आल्या, सोनीजवळ नुसत्या बसून राहिल्या, आणि आम्हांसच प्रश्न विचारूं लागल्या: पाय थंडींत दुखतो काय? फटाक्यांस भिते काय? खावयास काय देतां? जो घेणारा असे प्रश्न विचारतो तो घेण्यापूर्वींच सांभाळूं लागलेला असतो, असा आमचा अनुभव आहे. आम्हींहि विचारलें, “बाई, आपलें वय झालें, पुढें कांहीं झालें तर?” त्यांनीं राग न धरतां आपल्या पुतणीस बोलाविलें, व तिनें ती जबाबदारी आमच्यासमोर पत्करली. एका कागदावर चार ओळी लिहिल्या गेल्या: वेळच्या वेळीं लस दिली जाईल, तिला दिवसभर सांखळीनें बांधून ठेवणार नाहीं, आम्ही अधूनमधून भेटीस येऊं, आणि कोणत्याहि कारणानें सांभाळणें अशक्य झालें तर तिला रस्त्यावर न सोडतां आम्हांस कळविलें जाईल. रीतीप्रमाणें नगर परिषदेकडे अर्ज देऊन २०२६ च्या जानेवारींत सोनी त्या घरीं गेली.

ह्यावरून घर निवडण्याचे कांहीं सामान्य नियम काढतां येतील. घरांतील प्रत्येक माणसाचा, विशेषतः जिला स्वयंपाकघर सांभाळावें लागतें तिचा, होकार असावा. घर भाड्याचें असल्यास मालकांची परवानगी आधीं घ्यावी. जीं कुटुंबें दिवाळीनंतर कामासाठीं परजिल्ह्यांत जातात, त्यांनीं मागें कुत्र्यास कोण पाहील तें प्रथम ठरवावें. कुत्रें राखणीसाठीं हवें कीं सोबतीसाठीं, हें स्पष्ट विचारावें. सौम्य कुत्र्यास चोवीस तास बांधून घातलें तर तें तिखट होत नाहीं, तें दुःखी होतें. आणि वाढदिवसाची भेट म्हणून तर कुत्रें कोणास कधींच देऊं नये. भेट जुनी होते. कुत्रें जुनें झालें तरी त्यास रोज भूक लागते.

नव्या घरीं गेल्यावरहि काम संपत नाहीं. पहिले तीन दिवस कुत्रें बावरलेलें असतें. कदाचित् तें खाणार नाहीं, खाटेखालीं लपेल, रात्रीं रडेल. त्या वेळीं पाहुण्यांस बोलावून त्याचें कौतुक दाखवूं नये. पाणी, अंथरूण व एकांत एवढेंच द्यावें. तीन आठवड्यांत घराच्या वेळा त्याच्या अंगवळणीं पडतात. तेव्हां खोड्याहि सुरू होतात, चपला कुरतडल्या जातात. हीच ती वेळ कीं जेव्हां पुष्कळ कुत्रीं परत पाठविलीं जातात. तेथें धीर धरावा. मारूं नये; हवें तें काम केलें कीं लगेच शाबासकी व खाऊ द्यावा. सुमारें तीन महिन्यांनीं ‘हें माझें घर’ असें त्यास वाटूं लागतें. आहारांत भाकरी, भात, बिनतिखटाचें वरण, अंडें, मांस हें चालतें. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका व चॉकलेट हीं कुत्र्यास विषारी असतात, आणि शिजविलेल्या हाडांच्या कपच्या आंतड्यास भोंकें पाडतात. उन्हाळ्यांत पाण्याचें भांडें सावलींत व सदा भरलेलें असावें, आणि भर दुपारीं तापलेल्या पत्र्याखालीं त्यास बांधूं नये.

विद्यार्थ्यांस आणखी एक सांगणें आहे. दया करतांना शहाणपण सोडूं नका. अनोळखी कुत्र्यास, विशेषतः खात असलेल्या, झोंपलेल्या किंवा पिलांजवळील कुत्रीस, हात लावूं नका. जखमी जनावर दिसल्यास मोठ्या माणसास बोलवा. कुत्र्यानें चावा घेतला किंवा नुसता ओरखडा काढला, तरी ती गोष्ट रागावतील म्हणून घरीं लपवूं नका. जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवा, हळद-चुना लावूं नका, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस सुरू करा. पाश्चर ह्या शास्त्रज्ञानें १८८५ सालच्या जुलैंत योसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोंचली, तेव्हांपासून असंख्य जीव वांचले आहेत. जे जातात ते बहुधा उशीरामुळें किंवा लस अर्धवट सोडल्यामुळें जातात.

पालकांनीं असें म्हणूं नये कीं, माणसांस घरें नसतां कुत्र्यांच्या घराची ही चिंता कशाला. जो मुलगा एका मुक्या जिवास बारा वर्षें वेळेवर पाणी देण्यास शिकला, तो उद्यां म्हाताऱ्या आईबापांस व आजारी शेजाऱ्यास विसरणार नाहीं. शब्द देणें आणि तो कंटाळा आल्यावरहि पाळणें, हा धडा कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत पाठ करून येत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं जागा, सर्वांची संमति व इतक्या वर्षांचा धीर असेल, त्यांनीं विकतच्या कुत्र्यामागें न लागतां रस्त्यावरच्या एखाद्या गरीब जिवास अवश्य घरीं न्यावें. आणि ज्यांच्याकडे ह्यांपैकीं एकहि गोष्ट कमी असेल, त्यांनीं नेऊं नये. त्यांनीं दाराशीं पाण्याचें भांडें ठेवावें, लसीकरणाच्या व नसबंदीच्या कामीं हात द्यावा, आणि दुसरें चांगलें घर पाहून द्यावें. तेंहि लहान पुण्य नव्हे.